मतदानाची वेळ व सातपुड्यातील मतदार

लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ यातील कलम ५६ हे निवडणूकविषयक कायद्यातील अगदी लहान कलमांपैकी एक होय. मतदान कोणत्या वेळेत घ्यावयाचे ते निवडणूक आयोगाने ठरवावे, आणि ठरविलेली वेळ आयोग सांगेल त्या रीतीने प्रसिद्ध करावी, एवढाच त्याचा आशय आहे. त्याला एक परंतुक जोडलेले आहे. लोकसभेच्या अथवा विधानसभेच्या मतदारसंघातील निवडणुकीत कोणत्याही एका दिवशी मतदानासाठी दिलेला एकूण अवधी आठ तासांपेक्षा कमी असता कामा नये, असे ते परंतुक म्हणते. मतदान किती वाजता सुरू व्हावे, किती वाजता संपावे, ते सूर्याच्या उजेडात व्हावे की दिव्याच्या, याविषयी अधिनियम मौन पाळतो. मताधिकार कोणास असावा, मतदारसंघ कसे आखावेत, उमेदवाराचा खर्च किती असावा, या प्रश्नांवर आपल्याकडे विपुल लेखन झाले आहे. घड्याळाच्या या प्रश्नाकडे मात्र राज्यशास्त्राच्या अभ्यासकांनी आणि इतिहासकारांनीही फारसे लक्ष दिलेले दिसत नाही. त्याचे कारण उघड आहे. शहरातील मतदाराला मतदानाची वेळ ही केवळ सोयीची बाब वाटते. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात ती मताधिकाराचाच भाग होते, आणि हा मुद्दा मांडावा एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्याचे विभाजन होऊन नंदुरबार जिल्हा अस्तित्वात आला. नंदुरबार, नवापूर, शहादा, तळोदा, अक्कलकुवा आणि अक्राणी हे त्याचे सहा तालुके. यांपैकी अक्राणी, ज्याचे मुख्य ठिकाण धडगाव, आणि अक्कलकुव्याचा उत्तर भाग हा सातपुड्याचा खरा डोंगरी मुलूख होय. त्याच्या उत्तर सीमेवरून नर्मदा वाहते. राज्यातील मतदारसंघांचे अनुक्रमांक येथूनच सुरू होतात. लोकसभेचा पहिला मतदारसंघ नंदुरबार, आणि विधानसभेचा पहिला अक्कलकुवा. जिल्ह्यातील विधानसभेचे चारही मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहेत. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी इत्यादी समाजांची येथे बहुसंख्या आहे.

या मुलखाचा कायदेशीर इतिहास थोडक्यात सांगितला पाहिजे, कारण त्यावाचून पुढील विवेचन अपुरे राहील. १९३५ च्या भारत सरकार कायद्याखाली पश्चिम खानदेश जिल्ह्यातील शहादा, नंदुरबार व तळोदा हे तालुके, नवापूर पेटा, अक्राणी महाल, आणि काठी, नाल, सिंगपूर, गव्हाळी, चिखली व नवलपूर या सहा मेवासी संस्थानिकांची गावे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून घोषित झाली होती. प्रांताचे कायदे येथे आपोआप लागू होत नसत, आणि गव्हर्नराला येथे विशेष अधिकार होते. त्या काळचा मताधिकारही मालमत्ता, कर आणि शिक्षण यांच्याशी बांधलेला होता. त्यामुळे डोंगरातील सामान्य माणसाच्या बाबतीत मतदानाच्या वेळेचा प्रश्न उद्भवण्याचे कारणच नव्हते. ज्याला मतच नाही त्याला मतदान किती वाजता संपते याच्याशी काय कर्तव्य? २५ ऑक्टोबर १९५१ ते २१ फेब्रुवारी १९५२ या काळात देशात पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली, प्रौढ मताधिकार आला, आणि या लोकांच्या जीवनात ‘मतदानाची वेळ’ नावाची गोष्ट प्रथमच शिरली.

त्या पहिल्या निवडणुकीच्या वेळीच आयोगाला एक गोष्ट कळून चुकली होती. निसर्ग कायद्याच्या वेळापत्रकाला जुमानत नाही. हिमाचल प्रदेशातील चिनी तहसिलीत बर्फ पडण्यापूर्वी मतदान उरकावे लागले, म्हणून ते देशात सर्वांत आधी घेण्यात आले. मतदानाचा दिवस भूगोलानुसार बदलावा हे तत्त्व अशा रीतीने प्रारंभापासूनच मान्य झाले. मतदानाचे तासही भूगोलानुसार बदलावेत काय, हा प्रश्न मात्र त्याच आग्रहाने विचारला गेला नाही.

इंग्लंडात हाच प्रश्न श्रमिकांच्या संदर्भात विचारला गेला होता. एकोणिसाव्या शतकात बराच काळ तेथे दुपारी चार वाजता मतदान संपत असे. कारखान्यातील कामगार त्या वेळी यंत्रापाशी उभा असे; मताधिकार मिळूनही तो वापरण्यास त्याच्यापाशी वेळ नसे. १८८५ च्या कायद्याने संसदीय निवडणुकीत सर्वत्र सकाळी ८ ते रात्री ८ अशी वेळ ठरविली. मताधिकार विस्तारला की मतदानाचे तासही विस्तारावे लागतात, हा त्या कायद्याचा धडा होय. तेथील वाद दिवसाच्या श्रमाचा होता. सातपुड्यात श्रमाच्या जोडीला अंतर आणि उजेड या दोन गोष्टी येतात.

प्रथम उजेडाचा विचार करू. भारतीय प्रमाणवेळ पूर्व रेखांश ८२॥ अंशांवर बांधलेली आहे. नंदुरबार शहर सुमारे ७४। अंशांवर आहे, म्हणजे तेथील सूर्य घड्याळाच्या सुमारे ३३ मिनिटे मागे असतो. (ही प्रमाणवेळ १९०६ साली आली, आणि त्याच वर्षी खानदेशाचे पूर्व व पश्चिम असे दोन जिल्हे झाले. योगायोग एवढाच, परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला लक्षात ठेवण्यास सोयीचा.) २०२४ साली या जिल्ह्याने दोनदा मतदान केले: लोकसभेसाठी १३ मे रोजी, आणि विधानसभेसाठी २० नोव्हेंबर रोजी. दोन्ही वेळा मतदानाची वेळ सकाळी ७ ते सायंकाळी ६ अशीच होती. कागदावर दोन्ही दिवस अकरा तासांचे, म्हणून सारखेच. परंतु गणित करून पाहिले असता असे दिसते की १३ मे रोजी नंदुरबारला सूर्योदय सुमारे ५.५६ वाजता व सूर्यास्त सुमारे ७.०३ वाजता होतो, तर २० नोव्हेंबरला सूर्योदय सुमारे ६.४८ व सूर्यास्त सुमारे ५.५० वाजता. म्हणजे मे महिन्यात मतदान संपल्यावरही मतदाराच्या हाती तासाभराचा उजेड उरतो, आणि सकाळी केंद्र उघडण्यापूर्वी चालत येण्यास त्याला उजेडाचा एक तास मिळतो. नोव्हेंबरात मतदानाचे अकरा तास आणि उजेडाचे अकरा तास जवळजवळ एकमेकांवर बसतात. केंद्र उघडण्याच्या वेळी पोहोचावयाचे तर अंधारात निघावे लागते, आणि शेवटच्या तासात मत द्यावयाचे तर अंधारात परतावे लागते. दऱ्याखोऱ्यांत सूर्य क्षितिजाआधी डोंगराआड जातो हे येथे वेगळे सांगावयास नकोच. अर्थात मे महिन्याला आपले दुःख आहेच. दुपारचे चार तास उन्हामुळे वाया जातात, आणि रांगा सकाळी व सायंकाळी लागतात.

आता अंतराचा विचार. कोणत्याही मतदाराला केंद्रापर्यंत सुमारे दोन किलोमीटरपेक्षा अधिक जावे लागू नये, असे आयोगाचे सर्वसाधारण धोरण आहे. डोंगरी व विरळ वस्तीच्या भागात त्याला मुरड घालावी लागते. सातपुड्यातील गाव हे मैदानातील गावासारखे एकत्र वसलेले नसते. ते पाड्यापाड्यांत विखुरलेले असते, आणि एका पाड्यातून दुसऱ्या पाड्यात जाताना मध्ये एखादी दरी उतरून पुन्हा चढावी लागते. नकाशावरचे दोन किलोमीटर आणि पायांखालचे दोन किलोमीटर यांत येथे पुष्कळ तफावत असते. सरदार सरोवर धरणामुळे अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली, आणि काही ठिकाणी जुन्या पायवाटाच पाण्याखाली गेल्या. धरणाच्या पाण्याने वेढलेले मणिबेली हे राज्याच्या मतदान केंद्रांच्या यादीतील पहिल्या क्रमांकाचे केंद्र आहे. तेथे व नर्मदाकाठच्या अन्य केंद्रांवर मतदान पथके यंत्रे घेऊन बोटीने अथवा बार्जने गेलेली आहेत. पथकाला आदल्या दिवशी पोहोचावेच लागते, कारण प्रत्यक्ष मतदानापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान घ्यावयाचे असते आणि त्याची वेळ मतदान सुरू होण्याच्या दीड तास आधीची असते. सात वाजता सुरू होणारा दिवस केंद्राध्यक्षाच्या दृष्टीने पहाटे साडेपाचलाच सुरू होतो.

अशा मुलखात मतदाराचे खरे संरक्षण कलम ५६ करत नाही. ते निवडणूक संचालन नियम, १९६१ मधील नियम ४३ करतो. त्या नियमानुसार ठरलेल्या वेळी केंद्राध्यक्षाने केंद्र बंद करावयाचे आणि त्यानंतर कोणाही मतदारास आत घ्यावयाचे नाही. परंतु केंद्र बंद होण्यापूर्वी तेथे उपस्थित असलेल्या सर्व मतदारांना मत देऊ दिले पाहिजे. एखादा मतदार वेळेपूर्वी उपस्थित होता की नाही असा वाद उत्पन्न झाल्यास त्याचा निर्णय केंद्राध्यक्षाने करावयाचा असून तो अंतिम असतो. मतदान यंत्रे आल्यानंतर त्यांच्यासाठी स्वतंत्र नियम जोडण्यात आले, आणि त्यांतही हीच तरतूद तशीच्या तशी ठेवण्यात आली.

या नियमाचे मर्म असे की तो मतदानाच्या समाप्तीला दोन मापे लावतो. एक माप घड्याळाचे, दुसरे हजेरीचे. सहा वाजता दार बंद होते, पण सहा वाजता मतदान संपतेच असे नाही. व्यवहारात याची पद्धत आयोगाच्या केंद्राध्यक्षांसाठीच्या पुस्तिकेने घालून दिलेली आहे. वेळ होताच रांगेतील प्रत्येकास अनुक्रमांकाची, केंद्राध्यक्षाच्या सहीची चिठ्ठी द्यावयाची, आणि वाटपाची सुरुवात रांगेच्या शेपटाकडून करावयाची. पहिल्या क्रमांकाची चिठ्ठी शेवटी उभ्या असलेल्या माणसाच्या हाती पडते. म्हणजे त्याच्यामागे येऊन नव्याने कोणी उभे राहू शकत नाही. हिशेबाची ही युक्ती साधी आहे, पण तिच्यात प्रशासकीय शहाणपण पुष्कळ आहे. चढण चढून पावणेसहाला रांगेत उभा राहिलेला पावरा मतदार सात वाजता मत देतो ते या चिठ्ठीच्या बळावर.

ज्या देशाकडून आपण निवडणुकीचा कायदा शिकलो तेथे ही तरतूद नव्हती, हे पाहून विद्यार्थ्यांना नवल वाटेल. ६ मे २०१० रोजी ब्रिटनमधील सार्वत्रिक निवडणुकीत रात्री १० वाजता अनेक केंद्रांचे दरवाजे बंद झाले, आणि रांगेत ताटकळत उभे असलेले सुमारे बाराशे मतदार मत न देताच परतले. तेथील कायद्यानुसार दहाच्या ठोक्यानंतर मतपत्रिका देताच येत नव्हती. २०१३ च्या कायद्याने दुरुस्ती होऊन रांगेतील मतदारास मत देण्याची मुभा मिळाली. आपल्या १९६१ च्या नियमांत असलेली गोष्ट तेथे बावन्न वर्षांनी आली. आपल्या नियमकर्त्यांनी हा विचार आधी केला याचे श्रेय, माझ्या मते, आपल्या भूगोलाला द्यावयास हवे.

तथापि नियमात एक कच्चा दुवा आहे. उपस्थिती कोठे? ‘मतदान केंद्रावर’, असे नियम म्हणतो. केंद्राच्या आवारात रांगेत असलेल्या माणसाला संरक्षण आहे. जो अजून समोरच्या उतारावर आहे, ज्याची बोट पलीकडच्या काठाहून सुटली आहे पण अलीकडे लागलेली नाही, त्याला ते नाही. मैदानात हा फरक एका गल्लीचा असतो. नर्मदाकाठी तो तासाभराचा असू शकतो. मतदान थांबविण्याचे अथवा पुढे ढकलण्याचे अधिकार कलम ५७ मध्ये आहेत. दंगल, उघड हिंसा, नैसर्गिक आपत्ती किंवा अन्य पुरेसे कारण असल्यास ते वापरता येतात. परंतु ते संपूर्ण केंद्रासाठी आहेत, उशिरा पोहोचलेल्या एका पाड्यासाठी नाहीत.

हे दुसरे माप, म्हणजे हजेरीचे, २०२४ च्या विधानसभा निवडणुकीनंतर राज्यभर वादाचा विषय झाले. २० नोव्हेंबर रोजी सायंकाळी ५ वाजता आयोगाने दिलेला मतदानाचा अंदाज ५८.२२ टक्के होता, आणि अंतिम आकडा सुमारे ६६ टक्क्यांवर गेला. मधली वाढ कोठून आली असा प्रश्न विरोधी पक्षांनी विचारला. सहा वाजल्यानंतर ७५ लाखांहून अधिक मते पडली असा दावा करणारी याचिका मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली, आणि न्यायालयाने ती जून २०२५ मध्ये फेटाळली. आयोगाचे म्हणणे असे की, दिवसभरात एकूण ६ कोटी ४० लाखांहून अधिक मतदारांनी मतदान केले, म्हणजे तासाला सरासरी ५८ लाख. त्या मानाने अखेरच्या दोन तासांतील वाढ असाधारण म्हणता येत नाही. या वादातील राजकारण बाजूला ठेवले तरी इतिहासकाराला त्यातून एक गोष्ट शिकावयास मिळते. पाच वाजताचा आकडा हा केंद्राकेंद्रांवरून तोंडी अथवा दूरध्वनीने गोळा केलेला अंदाज असतो. ज्या केंद्रावर दूरध्वनीचा संपर्कच नाही अशा डोंगरी केंद्रांचा आकडा त्यात वेळेवर येणे कठीण. मतांचा कायदेशीर हिशेब नमुना १७-सी मध्ये असतो आणि तो मतदान संपल्यावरच भरला जातो.

कलम ५६ मधील आठ तासांची मर्यादा केवळ नाममात्र आहे असा कोणाचा समज असल्यास त्याने गडचिरोलीकडे पाहावे. सुरक्षेच्या कारणास्तव २०२४ च्या दोन्ही निवडणुकांत तेथील मतदारसंघांत सकाळी ७ ते दुपारी ३ अशी वेळ ठेवण्यात आली, म्हणजे नेमके आठ तास. मतदान पथकाला उजेडी परत येता यावे हा हेतू त्यामागे होता आणि तो समजण्यासारखा आहे. तरीही एकाच राज्यातील दोन आदिवासी, डोंगरी व वनव्याप्त जिल्ह्यांपैकी एकाला अकरा तास मिळतात आणि दुसऱ्याला आठ, ही विषमता नोंदवून ठेवण्यासारखी आहे. ती अधिनियमाने निर्माण केलेली नाही. अधिनियमाने दिलेल्या मोकळीकेतून ती निर्माण होते. याच शाळाखोल्यांत जिल्हा परिषदेची किंवा ग्रामपंचायतीची निवडणूक होते तेव्हा राज्य निवडणूक आयोगाचे घड्याळ चालते व ते सर्वसाधारणपणे ७.३० ते ५.३० असे असते. ७ जानेवारी २०२० रोजी नंदुरबार जिल्हा परिषदेचे मतदान झाले, तेव्हाचा दिवस त्यामुळे दहा तासांचा होता. मतदार तोच, चढण तीच, परंतु सभागृह बदलले की तास बदलतात. दोन आयोगांनी एकत्र बसून याचा विचार करण्यास वास्तविक काही हरकत नसावी.

मतदान संपण्याची वेळ मागेही आपली सावली टाकते. कलम १२६ खाली जाहीर सभा व प्रचारावर जी बंदी येते, ती ‘मतदान समाप्तीसाठी ठरलेल्या वेळेला संपणारे ४८ तास’ अशी मोजली जाते. १९९६ च्या दुरुस्तीने आलेले मद्यविक्रीबंदीचे कलम १३५-ग हेही त्याच रीतीने मोजले जाते. म्हणून १३ मे २०२४ रोजी सहाला संपणाऱ्या मतदानासाठी शांतता ११ मेच्या सायंकाळी सहाला सुरू झाली. नवापूरच्या बाबतीत याला आणखी एक पदर आहे. तेथील रेल्वे स्थानक महाराष्ट्र व गुजरात यांच्या सीमेवर असून सीमारेषा स्थानकातूनच जाते. २०२४ साली गुजरातमध्ये लोकसभेचे मतदान ७ मे रोजी पार पडले. एकाच फलाटाच्या एका टोकाला निवडणूक संपलेली आणि दुसऱ्या टोकाला प्रचार ऐन भरात, अशी चार दिवसांची स्थिती होती.

या सीमेचा गंभीर भाग स्थलांतराचा आहे. नंदुरबारमधील पुष्कळ कुटुंबे दक्षिण गुजरातमध्ये ऊसतोडीस व अन्य मजुरीस जातात. तोडीच्या टोळ्या दिवाळीनंतर निघतात. २०२४ ची दिवाळी नोव्हेंबरच्या आरंभी होती आणि मतदान २० तारखेला. १९९६ मध्येच आलेल्या कलम १३५-ख नुसार कोणत्याही धंद्यात वा आस्थापनेत कामास असलेल्या मतदारास मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी मिळावी, रोजंदारीवरील मजुरासही त्या दिवसाची मजुरी मिळावी, असे बंधन आहे. ते मोडणाऱ्या मालकास दंड ५०० रुपयांपर्यंत. परंतु ही सुट्टी एका दिवसाची आहे. फडावरून अक्राणीच्या पाड्यापर्यंत जाण्यायेण्यास जो वेळ लागतो तो या कलमाच्या हिशेबात नाही, आणि मुकादमाकडून उचल घेतलेला मजूर दंडाच्या भीतीवर कितपत विसंबेल हे सांगावयास नको. १८८५ च्या इंग्रजी कायद्यापुढे यंत्रापाशी उभा असलेला कामगार होता. आपल्या १३५-ख पुढेही बहुधा तोच आहे. उसाच्या फडातील स्थलांतरित कोयता त्याच्या दृष्टीच्या टप्प्यात आलेला नाही.

एवढे असूनही या मतदारसंघात मतदान कमी होत नाही. १३ मे २०२४ रोजी नंदुरबार लोकसभा मतदारसंघात ७०.६८ टक्के मतदान झाले, आणि त्या टप्प्यातील राज्याची सरासरी ६२.२१ टक्के होती. डोंगरातील मतदार उदासीन आहे असे म्हणणाऱ्यांना हा आकडा पुरेसे उत्तर देतो. मात्र त्या आकड्यामागील दिवस कसा गेला, कोणत्या केंद्रावर रांग किती वाजेपर्यंत होती, सहानंतर किती चिठ्ठ्या वाटल्या गेल्या, हे टक्केवारीवरून कळत नाही.

ते कळण्याचे साधन आहे. प्रत्येक केंद्राध्यक्ष एक दैनंदिनी भरतो. तीत दर दोन तासांनी झालेल्या मतदानाची नोंद असते, आणि समाप्तीच्या वेळी वाटलेल्या चिठ्ठ्यांच्या संख्येसाठीही रकाना असतो. अक्कलकुवा मतदारसंघातील डोंगरी व सपाटीच्या केंद्रांच्या दैनंदिन्या एकमेकींशेजारी ठेवून वाचल्या तर नोव्हेंबर व मे यांतील फरक, बोटीचा व पायवाटेचा फरक, आकड्यांत उतरलेला दिसेल. पदव्युत्तर विद्यार्थ्याला प्रबंधिकेसाठी याहून चांगला विषय क्वचितच मिळेल. पण येथे एक अडचण उभी राहिली आहे. २० डिसेंबर २०२४ रोजी नियम ९३ मध्ये दुरुस्ती झाली. पूर्वी निवडणुकीसंबंधीचे ‘इतर सर्व कागद’ लोकांस पाहण्यास खुले होते. आता ‘या नियमांत निर्दिष्ट केलेले’ कागद तेवढे खुले आहेत. केंद्राध्यक्षाची दैनंदिनी ही आयोगाच्या पुस्तिकेतून आलेली वस्तू आहे. ती या नव्या शब्दांच्या आत बसते की बाहेर, याचा निर्णय लागेपर्यंत सातपुड्यातील मतदानाच्या दिवसाचा इतिहास तालुक्याच्या कचेरीतील गठ्ठ्यांत बंद राहील.